गाभ्यातले कामकरी : एका अदृश्य व्यवस्थेचा इतिहास

संगणकाचा इतिहास आपण बहुधा यंत्रांचा आणि ती घडवणाऱ्या माणसांचा इतिहास म्हणून वाचतो. यंत्राच्या आत कामाचे वाटप कसे होत आले, कोणते काम तात्काळ करायचे, कोणते मागे ठेवायचे आणि मागे ठेवलेले काम कोणी करायचे, हा इतिहास मात्र तंत्रज्ञांच्या चर्चेबाहेर क्वचितच येतो. साहित्याच्या अभ्यासकाला तो दोन कारणांसाठी महत्त्वाचा वाटावा. एक तर तो जवळजवळ संपूर्णपणे रूपकांच्या भाषेत लिहिला गेला आहे. आणि दुसरे म्हणजे, ही रूपके श्रमाच्या जगातून उचललेली आहेत. येथे लिनक्स या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, उदाहरणादाखल घेतला आहे.

मूळ अडचण साधी आहे. कळ दाबली गेली, तबकडीवरून मजकूर वाचून झाला, जाळ्यावरून संदेश आला, की यंत्राचा तो भाग प्रोसेसरला हटकतो. या हटकण्याला इंटरप्ट म्हणतात. त्याला उत्तर देणारा कार्यक्रम अतिशय थोडक्यात आटोपावा लागतो, कारण तो दुसऱ्याच कोणाचे तरी चालू काम थांबवून, उसन्या वेळात चाललेला असतो. दारात तारवाला उभा असे, तेव्हा सही करून तार घेणे एवढेच तत्काळ करायचे असे. ती वाचून, विचार करून उत्तर पाठवणे हे नंतरचे काम. कर्नलमध्येही पहिल्या कामाला वरचा अर्धा आणि दुसऱ्याला खालचा अर्धा अशी नावे पडली. आपला इतिहास आहे तो या खालच्या अर्ध्याचा.

पडद्यामागे राहून काम करणाऱ्या कार्यक्रमाला ‘डीमन’ म्हणण्याची प्रथा याहून जुनी आहे. एमआयटीमध्ये १९६३ च्या सुमारास प्रोजेक्ट मॅकमधील मंडळींनी हा शब्द वापरात आणला, आणि त्यामागे मॅक्सवेलचा प्रसिद्ध ‘डीमन’ होता, असे फर्नांडो कॉर्बातो यांनी पुढे सांगितले. मॅक्सवेलने १८६७ मध्ये कल्पिलेला हा सूक्ष्म जीव रेणूंची अखंड निवड करत बसतो. त्याला ‘डीमन’ हे नाव विल्यम थॉमसनने १८७४ मध्ये दिले. मराठी वाचकाला येथे लोककथेतले ते भूत आठवेल, जे मालकाला बजावते की काम दे, नाहीतर तुलाच खातो, आणि मालक त्याला खांबावर चढउतार करायला लावून सुटका करून घेतो. रिकाम्या हातांचे काय करायचे, हा प्रश्न त्या कथेइतकाच कर्नललाही छळत आला आहे.

१९९१ साली लिनक्स जन्माला आले, तेव्हाच्या आरंभीच्या वर्षांत मागे ठेवलेल्या कामासाठी फक्त ३२ ठरीव जागा होत्या. पुढे कामांच्या रांगा आल्या. पण या साऱ्या सोयींत एक उणीव होती : तेथे चाललेल्या कामाला झोपता येत नसे. ‘झोपणे’ हा येथे पारिभाषिक शब्द आहे. तबकडीवरून मजकूर येईपर्यंत किंवा एखादे कुलूप मोकळे होईपर्यंत स्वस्थ थांबणे आणि तोवर प्रोसेसर दुसऱ्याला देणे, असा त्याचा अर्थ. उसन्या वेळात चालणाऱ्याला झोपण्याचा अधिकार नसतो. तो ज्याला स्वतःचे अस्तित्व, म्हणजे स्वतःचा धागा आहे, त्यालाच असतो. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ या आवृत्तीत असा एक धागा होता, केइव्हेंटडी नावाचा. साऱ्या यंत्रासाठी तो एकटाच. तो एका कामात झोपला की त्याच्या मागची सगळी रांग खोळंबे.

२००२ मध्ये इंगो मोल्नार यांनी ‘वर्कक्यू’ ही रचना आणली आणि कामकरी हे रूपक खऱ्या अर्थाने रूढ झाले. आता कर्नलच्या कोणत्याही विभागाला स्वतःची रांग मागता येऊ लागली आणि त्या रांगेसाठी प्रत्येक प्रोसेसरवर एक धागा तैनात होऊ लागला. ही खाजगी नोकरांची व्यवस्था होती. ज्याने त्याने आपला गडी ठेवावा, त्याला काम असो वा नसो. प्रोसेसर कमी होते तोवर हे खपले. पण १६ प्रोसेसर आणि ३० रांगा असा हिशेब केला तर ४८० धागे होतात, आणि त्यांतले बहुसंख्य निवांत पडलेले. काही मोठ्या यंत्रांवर तर नुसती प्रणाली सुरू होतानाच धाग्यांना द्यायचे सुमारे ३२ हजार क्रमांक संपू लागले.

याहून बोचरी विसंगती वेगळीच होती. एवढी माणसे असूनही कामे अडत. एका रांगेचा एका प्रोसेसरवर एकच कामकरी. तो झोपला की त्याच्या मागचे काम थांबे, आणि शेजारच्या रांगेचा कामकरी रिकामा असला तरी त्याला हात लावत नसे. मागचे काम झाल्याखेरीज पुढच्याला जाग येणार नाही अशी गाठ पडली, तर दोघेही कायमचे अडकून पडत. येथे हात भरपूर होते. ते वाटले गेले होते चुकीच्या आधारावर. किती कामकरी लागतील हे रांग मागणारा आगाऊ अंदाजाने ठरवत होता आणि ते त्याला ठाऊक असणे शक्यच नव्हते.

तेजुन हो यांनी ही रचना मुळापासून बदलली आणि ती ऑक्टोबर २०१० मध्ये २.६.३६ या आवृत्तीत आली. रांगा राहिल्या, पण कामकरी सामायिक झाले. प्रत्येक प्रोसेसरपाशी एक ताफा. कोणत्याही रांगेतले काम त्यातला कोणीही उचलेल. कोण जागा आहे आणि कोण झोपतो आहे, हे वेळेचे वाटप करणाऱ्या शेड्यूलरला अचूक ठाऊक असते. ताफ्याने त्याच्याशीच संधान बांधले. एक कामकरी कामात असेल तोवर दुसऱ्याला उठवायचे नाही. तो झोपला आणि काम शिल्लक असले, तर तत्क्षणी दुसऱ्याला उठवायचे. त्यासाठी निदान एक जण रिकामा, तयार असला पाहिजे. नसेल, तर कामकऱ्यांपैकीच एक जण तात्पुरता मुकादम होतो आणि नवा कामकरी निर्माण करतो. गरजेहून अधिक रिकामे साठले, तर पाच मिनिटे स्वस्थ बसलेल्याला निरोप दिला जातो. झोपतही नाही आणि जागाही सोडत नाही अशा कामाची सोय पुढे २०२३ मध्ये झाली : दहा सहस्रांश सेकंदांहून अधिक काळ प्रोसेसर अडवणारे काम आपोआप हिशेबातून वगळले जाते, म्हणजे इतरांची वाट मोकळी होते.

काटकसरीच्या या व्यवस्थेत एक जागा मात्र काटकसरीने चालत नाही. नवा कामकरी घडवायला स्मृती लागते. स्मृती संपली असेल तर ती मोकळी करण्याचे कामही कोणा कामकऱ्यालाच करावे लागते. आणि तो घडवायलाच स्मृती नाही! या चक्रातून सुटण्यासाठी, ज्या रांगांवर स्मृती मोकळी होणे अवलंबून आहे, त्यांच्यासाठी एक ‘रेस्क्यूअर’, म्हणजे तारणारा, आधीच घडवून ठेवलेला असतो. ताफ्याचा नाइलाज झाला की त्याला ‘मेडे’ची हाक जाते. या शब्दाचा १ मेच्या कामगार दिनाशी संबंध नाही. ‘मला मदत करा’ या फ्रेंच शब्दांवरून आलेली ती संकटातल्या जहाजांची आणि विमानांची हाक आहे. एरवी तारणारा निव्वळ पडून असतो, आणि तरीही पाच मिनिटांचा नियम त्याला लागू नाही. त्याचे रिकामे असणे हेच त्याचे काम आहे. कार्यक्षमतेचा हिशेब केवळ सरासरी दिवसावरून मांडणाऱ्या प्रत्येकाने हा भाग वाचावा.

या स्थित्यंतराची एक किंमत होती, आणि ती नावांच्या रूपाने द्यावी लागली. खाजगी गड्यांच्या काळात धाग्याच्या नावावरून तो कोणाचा हे कळे. सामायिक ताफ्यात सगळ्यांचे नाव एकच, ‘केवर्कर’. त्यापुढे प्रोसेसरचा आणि त्याचा स्वतःचा क्रमांक. यंत्र तापले, पंखा घोंगावू लागला आणि यादी पाहिली, तर एक केवर्कर राबतो आहे एवढेच दिसे. कोणासाठी, ते दिसत नसे. काम सामायिक झाले तेव्हा जबाबदारीही निनावी झाली. २०१८ मध्ये ४.१८ या आवृत्तीत यावर उपाय झाला : यादीत कामकऱ्याच्या क्रमांकापुढे, तो ज्या रांगेचे काम करतो आहे किंवा शेवटचे केले आहे, तिचे नाव दिसू लागले.

रूपक फार ताणू नये, हे खरे. धाग्याला थकवा नाही, घर नाही. निरोप मिळाल्यावर तो उपाशी राहत नाही. म्हणूनच पाच मिनिटांचा नियम येथे निर्दोष ठरतो आणि माणसांच्या बाबतीत तोच क्रौर्य ठरेल. पण रूपक दोन्ही दिशांनी वाहते. यंत्रातल्या व्यवस्थेला कामकरी, मुकादम, रिकामा असे शब्द एकदा बहाल केले, की माणसांच्या व्यवस्थेविषयी बोलतानाही यंत्राचे नियम स्वाभाविक वाटू लागतात. अशा वेळी या इतिहासातला तपशीलच उपयोगी पडतो. गरजेचा अंदाज दुरून बांधू नये, संकटासाठी राखलेल्या हाताला ऐतखाऊ म्हणू नये आणि राबणाऱ्याचे काम कोणासाठी चालले आहे ते यादीत दिसावे, हे शहाणपण कर्नललाही २००२ पासून २०१८ पर्यंत एकेक अडचण सोसूनच आले.