पासवर्ड ठेवायचा कुठे? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरचा पायथन कोड बघत होते. तिसऱ्याच ओळीत डेटाबेसचा पासवर्ड, अवतरणचिन्हांत, उघडाच. "ताई, नंतर काढणारच आहे," तो म्हणाला. मी त्याला काय बोलणार? हेच वाक्य दोन वर्षांपूर्वी मी बोलले होते आणि मग क्लाउडची की असलेली नोटबुक सगळ्यांना दिसेल अशा रिपॉझिटरीत टाकून बसले होते. कुणीतरी ती की उचलली, तिच्यावर मशीन चालवली आणि बिल माझ्या फेलोशिपच्या दोन महिन्यांइतकं आलं. मी घाईघाईने की काढून पुन्हा कमिट केलं. पण गिट जुनं काहीच विसरत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

तुमच्यापैकी बरेच जण नेट-पेटच्या तयारीत आहात. उद्या तुमच्याही हातात लॅबचे पासवर्ड येतील. म्हणून आज या प्रश्नाचा इतिहास सांगते. तो सुरू होतो एका पीएचडीच्या विद्यार्थ्यापासून.

साल १९६२. एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची प्रणाली होती, एकच कॉम्प्युटर अनेकांनी वाटून वापरायचा. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या, वेळेचा कोटा वेगळा, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड. ॲलन शेर या संशोधकाला आठवड्याला चार तास मिळायचे, आणि त्याच्या सिम्युलेशनला ते पुरत नव्हते. (ओळखीचं वाटतंय ना?) तिथे एक सोय होती: पंचकार्डवर खाते क्रमांक आणि फाइलचं नाव लिहून दिलं की फाइल छापून मिळायची. शेरने शुक्रवारी रात्री पासवर्डच्याच फाइलची मागणी टाकली आणि शनिवारी पहाटे कागद उचलून आणले. फाइलच्या नावातच 'सीक्रेट' हा शब्द होता. आत मात्र सगळं साध्या अक्षरांत.

इथे जरा थांबा. हे आपल्याला कसं कळलं? सीटीएसएसच्या पन्नाशीनिमित्त २०११ मध्ये आयईईई कॉम्प्युटर सोसायटीने एक स्मरणपुस्तिका काढली, तिच्यात शेर यांनी स्वतःच हे सांगितलं आहे. म्हणजे ही जवळपास पन्नास वर्षांनंतरची आठवण आहे. प्रबंधात वापरायची झाली तर 'असं घडलं' असं ठोकून देऊ नका, 'शेर यांच्या सांगण्यानुसार' असं लिहा. गाईड ही चूक हमखास पकडतात.

त्याच यंत्रावरची दुसरी गोष्ट फर्नांडो कॉर्बातो यांनी आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितली. एका दुपारी लॉग-इन करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. एडिटर तात्पुरत्या फाइलला नेहमी एकच नाव द्यायचा. दोन जण एकाच वेळी, एक सूचना आणि दुसरा पासवर्डची फाइल, दुरुस्त करायला बसले आणि दोन्हींची अदलाबदल झाली. कुणी चोरी केली नव्हती. गुपित एका जागी उघडं पडलेलं होतं, एवढंच पुरलं.

यावर उत्तर केंब्रिजमधून आलं: पासवर्ड ठेवूच नका. तो एकदिश फलनातून काढा आणि आलेलं उत्तर ठेवा. रॉजर नीडहॅम यांची ही पद्धत मॉरिस विल्क्स यांच्या १९६८ च्या पुस्तकामुळे सगळ्यांना कळली. पुढे युनिक्सवर रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी तिच्यात 'सॉल्ट' मिसळला.

पण ही सोय फक्त माणसांच्या पासवर्डसाठी आहे, आणि बहुतेक पुस्तकं हा फाटा न सांगताच पुढे जातात. तुम्ही लॉग-इन करता तेव्हा मशीनला फक्त पडताळायचं असतं, मूळ पासवर्ड तिच्याकडे नसला तरी चालतं. तुमचा प्रोग्राम डेटाबेसकडे जातो तेव्हा त्याला तो पासवर्ड खरोखर दाखवावा लागतो. म्हणजे मूळ रूपात परत मिळेल असाच तो ठेवायला हवा. एकदिश फलन इथे कामाचं नाही. ॲप्लिकेशनच्या गुपितांचा इतिहास म्हणून वेगळ्याच वाटेने जातो.

त्या वाटेवर १९७८ मध्ये आयबीएमचे संशोधक भेटतात. डीईएससाठी त्यांनी किल्ल्यांची उतरंड मांडली: माहिती एका किल्लीने बंद, ती किल्ली दुसरीने बंद, आणि सगळ्यांत वरची मास्टर की संरक्षित हार्डवेअरमध्ये. आज क्लाउडवाले याला 'एन्व्हलप एन्क्रिप्शन' म्हणतात. ॲमेझॉनची २०१४ ची केएमएस सेवा थेट फक्त ४०९६ बाइटपर्यंतचा मजकूर बंद करून देते, कारण तिने मोठी माहिती नाही, किल्ल्या बंद कराव्यात अशीच अपेक्षा आहे.

पण मास्टर की कुणाकडे? कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएमचा नोव्हेंबर १९७९ चा अंक मिळवा. मॉरिस-थॉम्पसन यांचा पासवर्डवरचा लेख त्यात आहे, आणि काही पानांनंतर आदी शामीर यांचा अवघ्या दोन पानांचा लेख. शामीर एका कोड्याने सुरुवात करतात: अकरा शास्त्रज्ञ आहेत, आणि किमान सहा जण हजर असले तरच कपाट उघडायला हवं. साध्या कुलपांनी हे करायचं तर ४६२ कुलपं लागतात आणि प्रत्येकाच्या जुडग्यात २५२ किल्ल्या! (पाच जणांच्या प्रत्येक गटाला न उघडणारं एक तरी कुलूप हवं, म्हणून अकरातून पाच निवडण्याचे प्रकार मोजा. सेटच्या पेपरला शोभेल असं गणित आहे.) शामीर यांचा उपाय बहुपदीचा. दोन बिंदूंनी सरळ रेषा ठरते, तीन बिंदूंनी द्विघाती वक्र. वक्रावरचा एकेक बिंदू एकेकाला द्यायचा. पुरेसे बिंदू जमले तर गुपित निघतं, एक जरी कमी पडला तरी काहीच कळत नाही. २०१५ मध्ये आलेलं हॅशिकॉर्पचं व्हॉल्ट याच युक्तीने उघडतं: पाच तुकडे, त्यांपैकी कोणतेही तीन. कागदावरचं गणित सर्व्हरच्या दारापर्यंत पोहोचायला पस्तीस वर्षं लागली.

मधल्या काळात रोजच्या कोडचं काय चाललं होतं? गुपितं सरळ कोडमध्येच लिहिली जात होती. २०११ च्या सुमारास हेरोकूच्या मंडळींनी 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' लिहिलं, त्यातली कसोटी मला फार आवडते: तुमचा कोड या क्षणी जगासमोर ठेवला तर एखादं गुपित फुटेल का? त्यांनी गुपितं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये हलवली. कोड स्वच्छ झाला, पण ती व्हेरिएबल्स लॉगमध्ये सांडतात, आणि कुणी कधी वाचली याची नोंद राहत नाही. २०१६ मध्ये उबरच्या खाजगी रिपॉझिटरीत शिरलेल्यांना तिथे ॲमेझॉनची की सापडली आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली.

ॲझ्युअर की व्हॉल्ट २०१५ चं, ॲमेझॉनचं सीक्रेट्स मॅनेजर २०१८ चं, गूगलचं सीक्रेट मॅनेजर २०२० चं. तिन्हींत गाभा एकच: गुपित फाइलीत पडून राहत नाही, प्रोग्राम एपीआयकडे ते मागतो. मागणारा कोण, त्याला परवानगी आहे का, हे तपासलं जातं आणि ऑडिट लॉग ठेवता येतो. गूगलच्या सेवेत गुपितांची यादी बघण्याची परवानगी वेगळी आणि मजकूर वाचण्याची वेगळी. बदल केला की नवी आवृत्ती तयार होते, जुनी निष्क्रिय किंवा नष्ट करता येते. ॲमेझॉनकडे पासवर्ड ठरावीक काळाने आपोआप बदलतो: आधी नवा तयार, मग डेटाबेसवर लागू, मग चाचणी, आणि त्यानंतरच तो 'चालू' ठरतो. शेरच्या वेळी यातलं काहीही असतं तर शनिवारी सकाळीच नाव कळलं असतं.

मग प्रश्न सुटला का? एपीआयकडे गुपित मागताना 'मी कोण' हे प्रोग्रामने कसं सिद्ध करायचं? त्यासाठी आणखी एक गुपित? या क्षेत्रातले लोक याला 'सीक्रेट झीरो' म्हणतात. क्लाउडच्या मशीनवर प्लॅटफॉर्मच ओळख पुरवतो, थोड्या वेळाने संपणारं टोकन देतो. तुमच्या लॅबच्या कोपऱ्यात घरघरणाऱ्या जुन्या सर्व्हरला अशी ओळख कोण देणार? भारतातल्या विद्यापीठांच्या लॅब हा प्रश्न आज कसा हाताळतात, यावर नीट क्षेत्रीय अभ्यास करता येईल. विषय शोधत असाल तर बघा.

ज्युनिअरचं सांगायचं राहिलं. आम्ही त्याच दुपारी आधी डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि मग कोड. क्रम हाच ठेवा. मी उलटा ठेवला होता.