गवळाऊ

टिकाऊ, विकाऊ, शिकाऊ. मराठीतला 'आऊ' हा प्रत्यय बहुधा क्रियापदाला चिकटतो. वर्धा जिल्ह्यात मात्र तो थेट एका समाजाच्या नावाला जाऊन बसला आणि गुरांच्या एका जातीचं नाव 'गवळाऊ' झालं. गवळ्यांची ती गवळाऊ. मुळाशी संस्कृत 'गोपाल' आहे. 'प'चा 'व' होत होत त्याचा गोवाळ, गवळी झाला.

आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) हा जिल्ह्याचा डोंगराळ उत्तर भाग, सातपुड्याच्या सोंडांचा. मुरमाड जमीन, उघडी माळरानं. नांगरापेक्षा इथं चराईच अधिक सोयीची. म्हणून नंद गवळी इथं गुरं राखून राहिले. हा समाज आपलं मूळ गोकुळातल्या नंदाशी जोडतो. खरंखोटं कोण तपासणार? वस्तीच्या खुणा मात्र गावांच्या नावांत आहेत. विदर्भात 'हेटी' म्हणजे मूळ गावाला लागून असलेली छोटी वस्ती, आणि कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीला आज गवळाऊ गुरांचं सरकारी पैदास केंद्र आहे.

पांढरी-करडी, लांबट चेहऱ्याची, चपळ गुरं ही. मराठ्यांच्या फौजांचं सामान डोंगरवाटांनी झपाट्यानं नेण्यासाठी ती निवडून वाढवली, असं सांगतात. पुढं ट्रॅक्टर आले, संकरित गाई आल्या, चराईची रानं आक्रसली.

सरकारी कागदांत ही जात 'गौळाऊ' म्हणूनही आढळते. गवळी ऐकू येतो तो 'गवळाऊ'मध्येच; तेच लिहावं.