एक विठोबा आणि अनेक सिद्धान्त



या व्यासपीठावर पंडित बोलतात. मी पंडित नव्हे. माझी शाळा सातवीत संपली आणि चौदाव्या वर्षी मी सोलापुरात यंत्रमागावर उभा राहिलो. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात, तेही दुसऱ्या पाळीच्या आधी, असे झाले. तेव्हा ईश्वरासारख्या विषयावर मी का बोलावे, हे आधी सांगितले पाहिजे.

वीस-एक वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमचा बोनसचा तंटा चालू होता. दिवाळी तोंडावर होती. युनियनच्या कचेरीत कोणी तरी आषाढीला विठोबाची तसबीर लावली होती. सभेत एक तेलुगु भाऊ म्हणाला, मार्कंडेयाचीही लावा. लिंगायत मंडळी म्हणाली, मग बसवेश्वर का नको? मी अध्यक्ष. मी ऐटीत सांगितले, "अहो, देव सगळे एकच. बसा खाली." त्यावर मागच्या रांगेतले एक वृद्ध लिंगायत जॉबर उठले. सगळे त्यांना मामा म्हणत. ते शांतपणे म्हणाले, "एकच आहेत ना साहेब? मग तुमचाच फोटो का?" मला उत्तर आले नाही. सभा मोडली, गट पडले, आणि मालकाने त्या फुटीचा फायदा घेतला. त्या दिवाळीला बोनस बुडाला. मामांच्या प्रश्नासाठी मी वाचायला लागलो, तो अजून वाचतोच आहे.

पहिली गोष्ट कळली ती ही, की 'सगळे एकच' हे उत्तर आपल्या आचार्यांनी इतक्या स्वस्तात कधीच दिलेले नाही. ऋग्वेदातल्या दीर्घतमस् ऋषीच्या एका ऋचेचा हवाला देऊन आपले वक्ते हा विषय दोन मिनिटांत मिटवतात. पण ज्यांनी आयुष्य वेचले ते मिटवून मोकळे झाले नाहीत. बादरायणाची ब्रह्मसूत्रे एकच. त्यांवर शंकराचार्यांनी भाष्य लिहिले आणि सांगितले की अंतिम सत्य निर्गुण ब्रह्म, सगुण ईश्वर हा उपासनेच्या पायरीपुरता. रामानुजांनी त्याच सूत्रांवरून उलट सांगितले, की ईश्वर गुणपूर्ण आहे, आणि जीव व जग ही खरी असून त्याचे शरीर आहेत. तेराव्या शतकात मध्वाचार्य पुढे आले. त्यांनी तर जीव आणि ईश्वर, जीव आणि जीव, जीव आणि जड असे पाच भेद कायमचे मानले. एका सूत्रग्रंथातून इतके वेगळे ईश्वर निघतात! आमच्या कामगार कायद्याच्या एका कलमाचेही वकील असेच अर्थ काढतात, पण तिथे निदान न्यायाधीश असतो.

ही मते निरनिराळ्या प्रांतांत, निरनिराळ्या मठांत राहिली असती तर आपल्याला त्यांची झळ लागली नसती. पण सोलापूरकरांच्या उंबऱ्यापाशी, पंढरपुरात, ती एकाच मूर्तीपुढे येऊन उभी राहिली.

पाहा. ज्ञानदेवांची गुरुपरंपरा नाथांची, म्हणजे आदिनाथ शिवापासून निघालेली. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ते स्वतः ती सांगतात. 1290 साली तो ग्रंथ झाला. ते अद्वैती खरे, परंतु अमृतानुभवात जगाला भ्रम म्हणून झटकून टाकत नाहीत. जग हा चैतन्याचाच विलास आहे असे मांडतात. त्याच विठ्ठलाचे नाव कन्नड हरिदासांनी घेतले. पुरंदरदासांच्या पदांवरची मुद्राच 'पुरंदर विठ्ठल'. पण हे हरिदास मध्वमताचे, म्हणजे पक्के द्वैती. भक्त आणि देव एक झाले असे म्हणणे त्यांच्या लेखी अपराध. तिसरे वल्लभाचार्य. विवाह करण्याची आज्ञा त्यांना पंढरीच्या विठ्ठलाने दिली असे पुष्टिमार्गात सांगतात. त्यांच्या मुलाचे नाव विठ्ठलनाथ. त्यांचे मत शुद्धाद्वैत. आणि ज्या वारकऱ्याला यातले एकही नाव ठाऊक नाही, तो विठोबाच्या मस्तकावर शिवलिंग आहे असे सांगून शैव-वैष्णवांचा वाद आपल्यापुरता संपवतो.

नरहरी सोनाराची कथा याच वादाची. कट्टर शैव सोनार. विठोबाचा करदोटा करायला डोळे बांधून गेला. हाताला लागला शंकर, पट्टी काढली तर समोर विठोबा. कथा म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळते. पण भांडण नसते तर अशी कथा रचावी लागली नसती, एवढे ती सिद्ध करते. तुंगभद्रेकाठी हरिहर गावी 1224 च्या सुमारास होयसळांच्या सेनापतीने अर्धा विष्णू, अर्धा शिव अशा देवाचे मंदिर बांधले. तोही मला तहनाम्यासारखाच वाटतो.

भांडण नुसते शब्दांचेही नव्हते. 1760 च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात शैव गोसावी आणि वैष्णव बैरागी शस्त्रे घेऊन लढले. या आखाड्यांजवळ फौजा होत्या, सावकारी होती, मोठा व्यापार होता. आधी स्नान कोणाचे, या प्रश्नामागे मेळ्यात मान आणि वसुली कोणाची हाही प्रश्न होता, असे मी समजतो. आमच्या येथे आजही शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी आणि वैष्णव नाशिकला रामकुंडावर स्नान करतात.

आता मामांचा बसवेश्वर. बाराव्या शतकातल्या या पुरुषाने आणि त्याच्या शरणांनी देव देवळातून काढून माणसाच्या तळहातावर ठेवला. इष्टलिंगाला पुजारी नको, दार नको. कायक, म्हणजे प्रामाणिक श्रम, हीच पूजा. आपला धर्म हिंदूंहून वेगळाच आहे असे पुष्कळ लिंगायत मानतात, आणि त्यांना 'आमच्यातलेच' म्हणून थोपटणे मला आता अप्रशस्त वाटते. परंपरा सांगते की कल्याणला जाण्यापूर्वी बसवेश्वर मंगळवेढ्यात बिज्जलाच्या खजिन्यात कामाला होते.

त्याच मंगळवेढ्यात 1338 साली गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखामेळा दगडांखाली मेला. महार, म्हणून वेठीला धरलेला. आजच्या भाषेत कामावरचा अपघात, भरपाई नाही. नामदेवांनी त्याच्या अस्थी आणून पंढरपुरात महाद्वारासमोर, दाराबाहेर, पुरल्या. जिवंतपणी त्याला आत जाता आले नव्हते. द्वैत, अद्वैत, शुद्धाद्वैत सगळे त्या दारातून ये-जा करत होते. एकाही सिद्धान्ताने ते चोख्याच्या लोकांसाठी उघडले नाही. ते उघडण्यासाठी साने गुरुजींना 1947 साली मे महिन्यात उपोषण करावे लागले.

हे सारे वाचून झाल्यावर मी मामांकडे गेलो. ते तेव्हा निवृत्त झाले होते. म्हटले, मामा, देव एकच असे मी म्हणालो ते चुकले. तुमचा आणि माझा देव खरेच निराळा आहे. ते हसले आणि म्हणाले, "ते मला ठाऊक होतं. बोनसचं काय झालं?"

पुढच्या एका कार्तिकीला आम्ही दोघे एस.टी.ने पंढरपूरला गेलो. मामा देवळात आले नाहीत. चोख्याच्या समाधीपाशी, बाहेर, माझी चप्पल सांभाळत बसून राहिले.