पऱ्हाटीच्या पेशीतले प्रक्षेप

वऱ्हाडचा अर्वाचीन इतिहास बहुधा कापसाच्या भावाच्या अंगाने लिहिला गेला आहे. १८५३च्या तहाने निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) येथील कापसाला सोन्याचे मोल आले, आणि अमरावतीच्या नावावरून पडलेले ‘ऊमरा’ हे व्यापारी नाव लिव्हरपूलपर्यंत रुळले. तिथल्या गिरण्यांची तक्रार मात्र कायम होती : ऊमराचा धागा आखूड. ‘देशी म्हणजे हलका, अमेरिकन म्हणजे भारी’ हे द्वंद्व या तक्रारीतून बळावले. पऱ्हाटीच्या पेशीतला दस्तऐवज वाचला की ते टिकत नाही.

देशी कापसाच्या जनुकसंचाचे वाचन २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे १७० कोटी अक्षरे आहेत. पेरूमधील एका रानटी कापसात ती जेमतेम ८८ कोटी. गुणसूत्रांच्या जोड्या दोन्हींत तेराच, आणि जनुकेही ४० हजारांच्या आसपास. मग दुप्पट विस्तार कशाचा? मुख्यतः फिरत्या डीएनएचा. हे तुकडे आरएनएच्या रूपात स्वतःची नक्कल करतात, तिचा पुन्हा डीएनए होतो आणि ती दुसऱ्याच जागी जाऊन बसते. देशी कापसाचा सुमारे दोन तृतीयांश जनुकसंच अशा तुकड्यांनी व्यापला आहे. असे डीएनए जागा बदलते, हे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात प्रथम दाखवले; त्यासाठी नोबेल मिळायला १९८३ उजाडले.

रिद्धपूरच्या परिसरातील महानुभाव वाङ्मयाचे पाठभेद अभ्यासणाऱ्यांना ही प्रक्रिया परकी वाटू नये. नकला वाढतात, प्रक्षेप शिरतात, ग्रंथ फुगतो. पण पृष्ठसंख्येवरून आशयाचे माप निघत नाही. फरक इतकाच, की येथे लेखनिक कोणी नाही. मजकूरच स्वतःची नक्कल करतो.

आता ‘अमेरिकन’ कापूस पाहू. दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी आपल्या देशी कापसाच्या कुळातील एका पूर्वजाचा संकर अमेरिका खंडातील रानटी कापसाच्या कुळाशी झाला. दोन्ही जनुकसंच एकाच पेशीत नांदू लागले; गुणसूत्रे २६ची ५२ झाली. त्या रानटी कुळाला सूत काढण्याजोगा धागा नाही. तो गुण जुन्या जगातल्या कुळाकडून आला. म्हणजे ज्याला आपण परका म्हणतो, त्याच्या अर्ध्या संहितेचे नाते आपल्या गावरानीशी आहे.

२००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पाहता पाहता संकरित वाणांनी वऱ्हाडची शिवारे व्यापली. गावरानी पऱ्हाटी मागे पडली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६९) ‘एकेए-७’सारखे देशी वाण दिले, ते टिकणे हा केवळ अस्मितेचा प्रश्न नव्हे. एखाद्या ग्रंथाची जुनी प्रत नष्ट झाली, तर नव्या प्रतीतले काय मूळचे आणि काय मागाहून आलेले, हे सांगणारा साक्षीदारच उरत नाही. बियाण्याचेही तसेच आहे.