गॅमा किरणं निघतात कुठून? क्रॅब पल्सारच्या प्रारूपांचा इतिहास

मंडळी, आता तरुण पल्सारकडे वळू. तरुण म्हणजे किती? क्रॅब पल्सार ज्या स्फोटातून जन्मला, तो चिनी निरीक्षकांनी १०५४ साली पाहिला. हा तारा सेकंदाला तीसेक गिरक्या घेतो, हळूहळू मंदावतो, आणि त्यातून सुटणारी ऊर्जा सूर्याच्या तेजाच्या सुमारे लाखपट. त्यातले गॅमा किरण नेमके कुठे तयार होतात, यावर मोठा वाद झाला.

१९६९ मध्ये गोल्डराइश आणि ज्युलियन यांनी दाखवलं की अशा ताऱ्याभोवती पोकळी राहूच शकत नाही. विद्युतक्षेत्र पृष्ठभागावरून भारित कण ओढून काढतं. मग स्टरॉक, रुडरमन, सदरलँड यांनी या कणांना वेग मिळतो तो चुंबकीय ध्रुवालगत, असं मांडलं. १९८६ मध्ये चेंग, हो आणि (बघा, तेच!) रुडरमन म्हणाले, जागा बरीच बाहेर आहे. ताऱ्याबरोबर फिरायला प्रकाशाचा वेग लागेल अशी एक हद्द असते. क्रॅबसाठी ती सुमारे १६०० किलोमीटरवर. तारा स्वतः दहा-बारा किलोमीटर त्रिज्येचा.

वीसेक वर्षं दोन्ही बाजू आपापले आलेख जुळवत राहिल्या, आणि खरं सांगायचं तर दोघांचेही बऱ्यापैकी जुळायचे. पण ध्रुवाजवळ चुंबकक्षेत्र इतकं प्रचंड, की जास्त ऊर्जेचा फोटॉन वाटेतच इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोडीत बदलतो. म्हणजे काही अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर वर्णपट एकदम कोसळायला हवा. किरण बाहेरून येत असतील, तर तो सावकाश उतरेल. इथे निकाल लागू शकत होता.

२००८ मध्ये ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक दुर्बिणीने क्रॅबचे २५ अब्जांच्या वरचे स्पंद पकडले. फर्मी उपग्रहाने मोजलेला वेला पल्सारचा वर्णपटही सावकाशच उतरला. गॅमा किरणांपुरतं ध्रुवाजवळचं प्रारूप मागे पडलं. पण जिंकणाऱ्यांना तरी चैन कुठे? २०११ मध्ये ॲरिझोनातल्या व्हेरिटासला १०० अब्जांच्या वर स्पंद मिळाले, २०१६ मध्ये मॅजिकला थेट १५०० अब्जांपर्यंत. वळणाऱ्या कणांच्या प्रारणाचं नेहमीचं गणित तिथे पुरेना. म्हणून कोणी व्यस्त कॉम्प्टन प्रक्रिया आणली, कोणी त्या हद्दीच्याही बाहेर गेलं.

आणि आपल्या ॲस्ट्रोसॅटने २०१७ मध्ये भर घातली. क्रॅबच्या क्ष-किरणांचं ध्रुवीभवन, स्पंद थांबलेला असतो त्या काळातही, झपाट्याने बदलताना दिसलं. तेव्हाच्या प्रारूपांपैकी एकातही ते नीट बसलं नाही.