फ्रँचायझी व्यवसायातील भूस्वामित्व : मॅक्डोनाल्ड्सच्या भाडेपट्टा पद्धतीचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक :
द्वितीय महायुद्धोत्तर अमेरिकेत महामार्ग, मोटारी आणि उपनगरे यांच्या विस्ताराबरोबर झटपट खाद्यपदार्थांचे व्यवसाय वाढीस लागले. त्यांतील अग्रगण्य अशा मॅक्डोनाल्ड्स कंपनीच्या यशाचे श्रेय सामान्यतः हॅम्बर्गर व गतिमान सेवा यांना दिले जाते. तथापि तिचा आर्थिक पाया जमिनीत घातला गेला. प्रस्तुत लेखात या पायाचा विचार केला आहे.

उत्पन्नाचा प्रश्न :
रिचर्ड व मॉरिस मॅक्डोनाल्ड या बंधूंशी करार करून रे क्रॉक यांनी एप्रिल १९५५ मध्ये इलिनॉय राज्यातील डेस प्लेन्स येथे उपाहारगृह सुरू केले. परवानाधारकाकडून ९५० डॉलर प्रवेशशुल्क आणि विक्रीच्या १.९ टक्के रक्कम मिळे, या १.९ टक्क्यांपैकी ०.५ टक्के बंधूंना द्यावे लागत. वार्षिक विक्री दोन लाख डॉलर धरली, तर क्रॉक यांच्या हाती केवळ २,८०० डॉलर उरत. एवढ्या रकमेत देखरेख व विस्तार अशक्यप्राय होता.

सॉनेबॉर्न यांची योजना :
यावर हॅरी सॉनेबॉर्न यांनी उपाय शोधला. १९५६ मध्ये 'फ्रँचायझ रिअल्टी कॉर्पोरेशन' ही उपकंपनी स्थापन झाली. ती जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेई आणि परवानाधारकास अधिक दराने पोटभाड्याने देई. पुढे कर्ज काढून जमिनी विकतही घेतल्या गेल्या. भाडे ठरवताना किमान निश्चित रक्कम किंवा विक्रीचा ठरावीक हिस्सा, यांपैकी जे अधिक ते घेतले जाई.

मराठी मुलखातील शेतीव्यवहाराच्या परिभाषेत सांगायचे, तर येथे खंड आणि बटाई यांचा संयोग झाला. बटाईत पीक बुडाल्यास मालकाचा वाटाही बुडतो. येथे मात्र मंदीतही किमान भाडे अबाधित राहिले आणि तेजीत वाटा वाढला.

परिणाम :
उत्पन्नाइतकेच महत्त्व नियंत्रणाला होते. परवान्याच्या अटींचा भंग झाल्यास भाडेपट्टाही धोक्यात येई; त्यामुळे स्वतःचे भांडवल गुंतवलेला उद्योजक व्यवहारात कूळच ठरला. मात्र मोक्याची जागा स्वबळावर मिळवणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांना याच पद्धतीने व्यवसायाची संधी दिली, हेही नमूद केले पाहिजे. १९६१ मध्ये बंधूंचे हक्क २७ लाख डॉलरना विकत घेतले गेले आणि १९६५ मध्ये कंपनीचे समभाग खुल्या बाजारात आले. आज कंपनीची सुमारे ९५ टक्के उपाहारगृहे परवानाधारक चालवतात आणि त्यांच्याकडून मिळणारे भाडे स्वामित्वशुल्कापेक्षा अधिक असते.

ही पद्धत सर्वत्र सारखी नाही. भारतात १९९६ मध्ये दिल्ली व मुंबई येथे प्रारंभ झाला. पश्चिम व दक्षिण भारतात २०१० पासून विकास-परवान्याची पद्धत आली. तीत जागेसह सर्व भांडवल परवानाधारक उभारतो आणि मूळ कंपनी विक्रीवर स्वामित्वशुल्क घेते.

निष्कर्ष :
फ्रँचायझी म्हणजे केवळ नाममुद्रेचा परवाना नव्हे. उपाहारगृहाखालील जमीन कोणाची, यावर नफ्याची वाटणी आणि उद्योजकाचे स्वातंत्र्य ही दोन्ही अवलंबून असतात. म्हणूनच या व्यवसायाचा इतिहास हा भूस्वामित्वाच्या इतिहासाचाही एक भाग ठरतो.