न्यायिक आचारनीती : भेटी व त्यांचे प्रकटीकरण

न्यायाधीशाने पदाच्या कामात व खाजगी व्यवहारात पाळावयाच्या मर्यादांना न्यायिक आचारनीती म्हणतात. भेटी, पाहुणचार व अन्य आर्थिक लाभ यांवरील निर्बंध हे तिचे प्रमुख अंग होय. तिची कसोटी लाचलुचपतीच्या कायद्याहून कडक आहे. एखाद्या लाभाने निर्णय बदलला नसला, तरी तो गुप्त राहिल्याने पक्षकाराच्या मनात वाजवी शंका उत्पन्न होत असेल, तर तो आक्षेपार्ह ठरतो.

मराठेशाहीत निवाड्यानंतर जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेत. या रकमा सरकारजमा होत. त्यामुळे न्यायाधीशाला मिळणाऱ्या खाजगी भेटींहून त्या भिन्न होत्या. पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांची निःस्पृहता महाराष्ट्रात आदर्श मानली जाते. ईस्ट इंडिया कंपनीच्या अंमलात नजराण्यांची प्रथा बोकाळली, तेव्हा १७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना भेटी घेण्यास मनाई केली. १८६० च्या भारतीय दंड संहितेने न्यायाधीशाचा समावेश लोकसेवकांत केला. उच्च न्यायालयांचे न्यायाधीशही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लोकसेवक ठरतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने वीरास्वामी खटल्यात १९९१ मध्ये दिला; मात्र भारताच्या सरन्यायाधीशांशी विचारविनिमय केल्यावाचून त्यांच्यावर फौजदारी कारवाई करता येणार नाही, असेही त्यात सांगितले.

या विषयातील महत्त्वाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात घडले. तेथील मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांना त्यांच्या मुस्लिम कायद्यावरील ग्रंथाच्या परदेशी प्रकाशनहक्कांपोटी लंडनच्या एका प्रकाशनसंस्थेकडून ८०,००० डॉलर मिळाले होते. ग्रंथाच्या संभाव्य खपाशी ही रक्कम विसंगत आहे, असा आक्षेप वकिलांनी घेतला व बॉम्बे बार असोसिएशनने राजीनाम्याची मागणी केली. १ एप्रिल १९९५ रोजी त्यांनी राजीनामा दिला. सी. रविचंद्रन अय्यर यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ सप्टेंबर १९९५ रोजी निर्णय दिला. परंतु आरोपाच्या सत्यासत्यतेचा निवाडा त्यात झाला नाही. ठराव करून न्यायाधीशावर दबाव आणणे न्यायालयाने अयोग्य ठरविले. तक्रार उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींपुढे आणि ती त्यांच्याविरुद्धच असल्यास भारताच्या सरन्यायाधीशांपुढे ठेवावी, असा मार्ग त्याने सांगितला. संविधानानुसार न्यायाधीशाला पदच्युत करण्यास गैरवर्तन सिद्ध होऊन संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागते. त्या पातळीला न पोहोचणाऱ्या अनुचित वर्तनाला कोणताच उपाय नव्हता. ही उणीव या निर्णयाने उघड केली.

ती भरून काढण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी न्यायिक जीवनमूल्यांची सोळा कलमी संहिता स्वीकारली. कुटुंबीय, निकटचे नातेवाईक व मित्र यांच्याखेरीज कोणाकडूनही न्यायाधीशाने भेट वा पाहुणचार घेऊ नये, असे तीत म्हटले आहे. मालमत्तेचे विवरण मुख्य न्यायमूर्तींना सादर करण्याचा ठरावही त्याच दिवशी झाला. मात्र ते विवरण गोपनीय राहणार होते. १९९९ मध्ये अंतर्गत चौकशीची कार्यपद्धती मान्य झाली. न्यायिक मानके व उत्तरदायित्व विधेयक लोकसभेने २०१२ मध्ये संमत केले. तथापि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच ते व्यपगत झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची मालमत्ता-विवरणे मे २०२५ मध्ये संकेतस्थळावर प्रसिद्ध झाली.

अमेरिकेत १९७८ च्या कायद्यान्वये संघीय न्यायाधीशांना मिळालेल्या भेटींचा वार्षिक तपशील द्यावा लागतो. तरीही तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे अप्रकट प्रवास व पाहुणचार यांवरून २०२३ मध्ये वाद झाला आणि त्याच वर्षी त्या न्यायालयाने आचारसंहिता जाहीर केली. भारतातील १९९७ च्या संहितेत भेटींची सार्वजनिक नोंद ठेवण्याची तरतूद नाही. मालमत्तेच्या विवरणात घर, ठेवी व दागिने दिसतात. प्रवास, निवास वा पाहुणचार यांचा लाभ मात्र त्यात उमटत नाही. शिवाय ‘मित्र’ कोणास म्हणावे, हे संहितेने न्यायाधीशाच्याच विवेकावर सोपविले आहे. त्यामुळे भेट योग्य होती की नाही, हे पडताळण्याचे साधन पक्षकाराच्या हाती राहत नाही.